एकाच घरातल्या तिघी आणि पाळीच्या तीन तारखा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वय ४९. शेवटची पाळी येऊन १६ महिने झाले. अंगातून वाफा येतात, रात्री दोन-तीनदा घामाने जाग येते. एका शिबिरात टाचेला मशीन लावून 'हाडं फारच ठिसूळ, आकडा उणे २.८' असं सांगितलं. नंतर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, केला, त्यात कमरेच्या मणक्याचा आकडा उणे १.९ आणि खुब्याचा उणे १.४ आला. डॉक्टर हार्मोन सुचवतात, नणंद म्हणते कॅन्सर होतो. घेऊ का? सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, पाठीला बाक आलाय. त्यांनाही हेच चालेल का? धाकट्या जाऊबाई ४४ वर्षांच्या. त्यांची ३८व्या वर्षीच पिशवी काढली, पण त्यांना मात्र काही त्रास नाही."

ताई, प्रश्न तुमचा असला तरी मी अडकले ती शेवटच्या वाक्यावर. तुमच्या घरातल्या तिघींपैकी हार्मोनची गरज सगळ्यात जास्त बहुधा जाऊबाईंना आहे, आणि त्यांच्यासाठी कुणीच काही विचारलेलं नाही. त्यांच्याकडे येतेच. आधी तुमचं.

शिबिरातला तो उणे २.८ विसरून जा. टाचेला लावतात ते अल्ट्रासाउंडचं मशीन असतं. त्यावरून फार तर 'हिचा डेक्सा करून घ्यावा' एवढं कळतं, निदान होत नाही. उणे २.५ ही ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची, रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली, ती डेक्साच्या आकड्यासाठी. टाचेच्या मशीनला ती लावणं म्हणजे लिटरच्या मापाने कापड मोजणं. शिबिर कोण भरवतं आणि दाराशी टेबलावर कसले डबे विकायला मांडलेले असतात, तेही जाता जाता बघत चला.

डेक्साचा तुमचा अहवाल मात्र खरा. त्यातला टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी बाईच्या हाडांशी केलेली तुलना. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर हाडं विरळ होऊ लागलीत, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. कमरेचा आकडा खुब्यापेक्षा वाईट का, हेही विचारलं असतंत तर मला आवडलं असतं. मणक्याच्या आतलं हाड जाळीदार, स्पंजासारखं असतं; खुब्याला बाहेरून टणक कवच जाड असतं. पाळी जाते तेव्हा पहिली झीज जाळीची होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास आधी मनगट आणि मणका कुरकुरतात, खुबा मोडतो तो सत्तरीत.

आता एक गैरसमज, जो रोज ओपीडीत येतो. हाडं विरळ झाली म्हणून दुखत नाहीत. गुडघे दुखणं, टाच दुखणं, सकाळी बोटं आखडणं याचा ऑस्टिओपोरोसिसशी संबंध नाही. ती सांध्यांची, स्नायूंची, कधी थायरॉइडची दुखणी असतात. ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत गप्प असतो. आणि रक्तातलं कॅल्शियम 'नॉर्मल' आलं म्हणून हाडं चांगली असंही नसतं. रक्तातलं कॅल्शियम शरीर कसंही करून सांभाळतं. कमी पडलं तर ते हाडांतूनच काढून घेतं.

हाडाचं काम घराच्या डागडुजीसारखं आयुष्यभर चालू असतं. एक टोळी जुनं उकरते, दुसरी नवं भरते. इस्ट्रोजेन हा या कामावरचा मुकादम. उकरणाऱ्या टोळीला तो आवरून धरतो. अंडाशयांतून इस्ट्रोजेन येणं थांबलं की उकरणारे मोकाट सुटतात आणि भरणारे त्यांच्यामागे धावून थकतात. हा संबंध अमेरिकेत फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्येच मांडला होता, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून पुढची दोनेक वर्षं हा वेग सगळ्यात जास्त असतो. मणक्यातली घनता वर्षाला दोन-अडीच टक्क्यांनी उतरते. नंतर उतार मंदावतो, पण थांबत नाही. तुम्ही या वेगवान टप्प्याच्या अगदी मधोमध आहात. म्हणून उणे १.९ हा आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच तुमच्या शेवटच्या पाळीची तारीख महत्त्वाची. मी पेशंटच्या कागदावर वयाआधी ती तारीख लिहिते.

नणंदेला मी दोष देणार नाही. तिने जे ऐकलं, ते २००२ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं होतं. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा फार मोठा अभ्यास चालू होता. पिशवी शाबूत असलेल्या १६,६०८ बायका, निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची एकत्र गोळी, निम्म्यांना नुसती साखरेची. सव्वापाच वर्षांनी तो मधेच थांबवला, कारण गोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयविकार थोडे जास्त दिसले. 'थोडे' म्हणजे किती ते बातमीत शेवटी होतं, किंवा नव्हतंच. दहा हजार बायकांनी एक वर्ष गोळी घेतली तर स्तनाचा कर्करोग ३० ऐवजी ३८ जणींना. त्याच दहा हजारांत खुब्याची फ्रॅक्चर १५ वरून १० वर आली. सगळी फ्रॅक्चर धरली तर जवळपास पाव भाग कमी झाली. ही घट लक्षात घ्या. या बायका हाडं ठिसूळ म्हणून निवडलेल्या नव्हत्या, तुमच्या-माझ्यासारख्या सर्वसाधारण होत्या. तरीही फ्रॅक्चर कमी झाली.

दुसरी न छापलेली गोष्ट म्हणजे या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीतल्या जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या, रक्तवाहिन्या आधीच कडक होऊ लागलेल्या बायकांना इस्ट्रोजेन दिलं, आणि निष्कर्ष ४८ वर्षांच्या, रात्री घामाने भिजून उठणाऱ्या बाईला लावला. तिसरी गोष्ट: ज्यांची पिशवी काढलेली होती अशा १०,७३९ बायकांना त्याच अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्यांच्यातही पक्षाघात थोडे वाढले, म्हणून २००४ मध्ये तोही भाग थांबवला. पण त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, उलट किंचित कमीच दिसला. म्हणजे 'हार्मोनने कॅन्सर होतो' या एका वाक्यात तीन-चार वेगळी वाक्यं कोंबलेली आहेत. कोणतं हार्मोन, कोणत्या वयात, किती वर्षं, पिशवी आहे की नाही, हे विचारल्याशिवाय त्याला हो किंवा नाही म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचा काळ्या चौकटीतला इशारा बराचसा काढण्याचं जाहीर केलं. आता उलट बाजूने 'हार्मोन घ्या, तरुण राहा' म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ येतील, आलेच आहेत. त्यांच्यावरही नणंदेइतकाच विश्वास ठेवा.

तुमच्यापुरतं उत्तर असं: घ्या. वय साठच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, आणि झोप मोडणाऱ्या वाफा, या तीन गोष्टी जुळल्या की हार्मोनचा फायदा तोट्याहून जास्त असतो, आणि हाडांचं संरक्षण त्यात आपसूक मिळतं. वाफा नसत्या आणि नुसता उणे १.९ असता तर मी घाईने लिहून दिलं नसतं. आधी बाकीचे धोके मोजले असते. आईचा खुबा मोडला होता का, तुमचं मनगट कधी मोडलं का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड घेता का, थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होते आहे का, मिश्री-तंबाखू आहे का. हे प्रश्न तुमच्या डॉक्टरांनी विचारले नसतील तर तुम्हीच सांगा.

आधी रक्तदाब, साखर, यकृताची तपासणी, मॅमोग्राफी, पॅप (पिशवीच्या तोंडाची तपासणी) आणि पिशवीच्या अस्तराची जाडी बघणारी सोनोग्राफी करून घ्या. स्वतःला स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा चालू आजार असेल किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हा रस्ता बंद. मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता, एवढ्यावरून मात्र तो आपोआप बंद होत नाही. बोलून ठरवायचं.

इस्ट्रोजेन पोटातून घेण्यापेक्षा कातडीवर लावायचं जेल मला जास्त आवडतं. गोळी आतड्यातून थेट यकृताकडे जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. जेल तो वळसा टाळतं, त्यामुळे गुठळ्यांचा धोका वाढत नाही असं आतापर्यंत दिसलंय. वजन जास्त असेल किंवा पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर मी जेलच देते. दंडाला किंवा मांडीला लावा, वाळू द्या, मग पदर घ्या. लावल्या जागी नातवंडाला लगेच बिलगू देऊ नका, ते औषध त्याच्या कातडीतूनही आत जातं.

तुमची पिशवी आहे, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर वाढत जातं आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो. १९७५ मध्ये हे अमेरिकेत उघड झालं, तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला दुसरं औषध जोडतात. मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन रोज रात्री झोपताना घेतलं तर त्याची गुंगी कामाला येते. बऱ्याच जणींची झोप त्यानेच सुधारते. पहिले काही महिने थोडं डाग पडल्यासारखं दिसू शकतं. सहा महिन्यांनंतरही दिसत राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर वाट न बघता दाखवा.

आणखी एक गोंधळ निस्तरते. योनीमार्गाच्या कोरडेपणासाठी आत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं. छान औषध आहे, धोका जवळजवळ नाही. पण ते तिथल्या तिथेच काम करतं. ते लावते म्हणून हाडं सांभाळली जातायत असं समजून बसलेल्या बायका मला दर महिन्याला भेटतात.

किती वर्षं? पूर्वी 'पाच वर्षं, बस' असा शिरस्ता होता. आता वर्षातून एकदा बसून पुन्हा हिशेब मांडायचा, एवढंच. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही: हार्मोन बंद केलं की हाडांवरचं त्याचं संरक्षणही हळूहळू ओसरतं, मिळवलेली घनता दोन-तीन वर्षांत निसटू लागते. म्हणून बंद करताना डेक्सा पुन्हा करा आणि तेव्हाचा आकडा बघून हाडांचं दुसरं औषध लागतंय का ते ठरवा. कित्येक जणी एक दिवस पाकीट संपलं म्हणून थांबतात आणि पुढे काहीच करत नाहीत.

आता जाऊबाई.

आपल्याकडे 'पिशवी काढली' या दोन शब्दांत दोन अगदी वेगळी ऑपरेशनं झाकली जातात. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण इस्ट्रोजेन येत राहतं. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी, टेबलावरच संपतं. बाईला हा फरक कुणी सांगत नाही. नवऱ्याला सांगितला असेल तर तो विसरलेला असतो. डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर 'टी.ए.एच.' एवढंच असेल तर पोट उघडून फक्त पिशवी काढली. 'टी.ए.एच. विथ बी.एस.ओ.' असेल तर दोन्ही बाजूंचे अंडाशय आणि नळ्याही गेल्या. सोबतचा, काढलेल्या भागाच्या तपासणीचा कागद मिळाला तर उत्तम, त्यात काय काय पाठवलं होतं ते ओळीने लिहिलेलं असतं.

बी.एस.ओ. झालेलं असेल तर जाऊबाईंच्या रजोनिवृत्तीची तारीख ३८व्या वर्षीची आहे. आज त्या ४४ च्या असल्या तरी हाडांच्या हिशेबात पाळी जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईसारख्या आहेत. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. म्हणजे निसर्गाने जी आठ-नऊ वर्षं इस्ट्रोजेन दिलं असतं ते त्यांना मिळालेलंच नाही. अशा बाईला हार्मोन देणं हे वरचं औषध नसतं, गेलेलं परत देणं असतं. ६३ वर्षांच्या बायकांवरच्या अभ्यासाची भीती तिला लावणं चूक आहे. निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तरी द्यावंच, ऑपरेशन कर्करोगासाठी झालेलं नसेल तर. पिशवी नाही, त्यामुळे बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. अपवाद एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखे कण पिशवीबाहेर वाढतात त्या आजाराचा. त्यासाठी ऑपरेशन झालं असेल तर पोटात राहिलेले कण नुसत्या इस्ट्रोजेनने पुन्हा जागे होऊ शकतात, तेव्हा प्रोजेस्टेरॉन जोडावं लागतं. म्हणून ऑपरेशन कशासाठी झालं, तेही त्या कार्डावरून बघायचं. आणि त्यांचा डेक्सा तुमच्या आधी व्हायला हवा होता.

त्रास नाही म्हणता, तो का नाही याचाही विचार करा. अडतिसाव्या वर्षी वाफा आल्या असतील तर 'ऑपरेशनची उष्णता' म्हणून सोसल्या असतील, आणि पुढे त्या कमी झाल्या असतील. वाफा थांबल्या म्हणजे हाडांची झीज थांबली असं नसतं. एक जाणवते, दुसरी जाणवत नाही.

अंडाशय ठेवले असतील तरी निर्धास्त होऊ नका. पिशवी काढलेल्या बायकांचे अंडाशय सरासरीने काही वर्षं लवकर थकतात. पाळीच नसल्याने ते कधी थांबले हे कळत नाही. अशा वेळी लक्षणं विचारायची आणि रक्तातलं एफ.एस.एच. (अंडाशय थकले की वाढणारं हार्मोन) चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा बघायचं.

हे मी एवढं ताणून सांगते याला कारण आहे. २००३ मध्ये माझ्याकडे एक बाई होत्या, वय ३९. तीन वर्षांपूर्वी दोन्ही अंडाशय काढलेले, इस्ट्रोजेनची गोळी चालू, ठणठणीत. आदल्या वर्षीच्या त्या बातमीने मीही हादरले होते. मी गोळी बंद केली. पेशंटने कारण विचारलं तेव्हा 'नवीन संशोधन आलंय' असं सांगितलं, आणि ते संशोधन कुणावर झालं होतं हे मी स्वतः नीट वाचलं नव्हतं. त्या परत आल्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी. पाण्याचा हंडा उचलताना पाठीत कट्कन आवाज आला होता. एक मणका पाचरीसारखा दबलेला, टी-स्कोअर उणे ३.४. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, कारण कशाचा कशाशी संबंध आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न एकट्यादुकट्या बाईचा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. ऑपरेशन गरजेचं होतं का, यावर बरीच चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण त्यांतल्या कितींचे अंडाशय गेले आणि त्यांच्या हाडांकडे पुढे कोण बघतंय, हा प्रश्न मागे पडला. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीची फळी चढणाऱ्या बाईचा मणका हा तिचा पोटापाण्याचा प्रश्न असतो.

सासूबाईंना हार्मोन नको. पाळी जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर इस्ट्रोजेन सुरू केलं तर पक्षाघात आणि गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि त्यांच्यासाठी त्याहून चांगली औषधं आहेत. पाठीचा बाक म्हणजे 'वय झालं' असं समजू नका. परकर अलीकडे जमिनीला लागायला लागलाय का, विचारा. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने कमी झाली असेल तर बहुतेकदा एक-दोन मणके नकळत दबलेले असतात. पाठीच्या मणक्यांचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे पुरतो. दबलेला मणका सापडला, आणि तो पडून-आपटून झालेला नसेल, तर डेक्साचा आकडा काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच धरायचा आणि औषध सुरू करायचं. त्याआधी कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, थायरॉइड बघून घ्यायचं. अशक्तपणा, वजन घटणं, पंडुरोग सोबत असेल तर मायलोमासारखा (अस्थिमज्जेच्या कर्करोगासारखा) आजार नाही ना, याचीही खात्री करायची. त्या गुडघ्यांसाठी कुणाकडून पुडीतली जडीबुटी आणतात का, तेही हळूच विचारा. 'पहिल्या दिवसापासून गुण' देणाऱ्या अशा पुडीत स्टेरॉइड निघाल्याचं मी पाहिलंय, आणि स्टेरॉइडइतकं हाड पोखरणारं औषध दुसरं क्वचितच.

मूत्रपिंड ठीक असेल तर आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी, किंवा वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. गोळीचं पथ्य कडक आहे: सकाळी उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. कॉफीबरोबर घेतली तर तिचं शोषण निम्म्याहून कमी होतं. चहालाही मी बंदीच घालते. अर्धा तास चहाशिवाय बसणं सासूबाईंना जमणार नसेल, तर सरळ वर्षाच्या इंजेक्शनचं विचारा. सलाइननंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, घाबरू नका. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्या. या औषधांवर असताना जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास फार क्वचित होतो, पण होतो.

सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब हे इंजेक्शनही चांगलं आहे, पण त्याची एक अट डॉक्टर घाईत सांगायला विसरतात. ते मधेच सोडता येत नाही. पुढचं इंजेक्शन लांबलं, 'गावी गेलो होतो, राहून गेलं' असं झालं, तर झीज उसळून परत येते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबल्याचे प्रकार घडतात. बंद करायचंच असेल तर मागून दुसरं औषध द्यावं लागतं. तारखा पाळायची खात्री नसेल त्या घरात मी ते सुरूच करत नाही.

सासूबाई योगवर्गाला जात असतील तर पुढे वाकून कपाळ गुडघ्याला लावायची आसनं बंद. पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं खाली वाकणं, केरसुणीने वाकून केर काढणं, या सगळ्यांत दबलेल्या मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो. पाठीचे स्नायू बळकट करणारे मागे ताणण्याचे सौम्य व्यायाम चालतात. आणि न्हाणीघराच्या दारातलं ते घसरणारं पायपुसणं उचलून टाका, रात्री तिथपर्यंत मंद दिवा ठेवा. झोपेची गोळी चालू असेल तर तिचा फेरविचार. खुबा मोडतो तो बहुतेकदा स्वतःच्या घरात.

राहिलं खाणं आणि व्यायाम, तिघींसाठी. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे. पेलाभर दुधात साधारण २४० असतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, पण एका भाकरीला पन्नास ग्रॅमच पीठ लागतं, म्हणजे पावणेदोनशे धरा. वाटीभर दही, तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारे बारीक मासे, यांनी बरंच भरून निघतं. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. चहातलं दूध दुधात मोजू नका. जे कमी पडतं तेवढ्यापुरतीच गोळी घ्या, कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी पाळी जातानाची झीज थांबत नाही. विटा आणून टाकल्या तरी मुकादम नसेल तर भिंत उभी राहत नाही.

डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीबद्दल बजावून सांगते. ती आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे. मग महिन्याला एक किंवा डॉक्टर सांगतील तशी. 'बरं वाटतं' म्हणून दर रविवारी दोन वर्षं ती घेणाऱ्या एक शिक्षिका माझ्याकडे उलट्या आणि बद्धकोष्ठतेने हैराण होऊन आल्या होत्या, कॅल्शियम १३ च्या वर गेलेलं. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा आणली होती, एवढंच. शतावरी आणि सोयाच्या कॅप्सूलबद्दलही विचारतात. खा हवं तर, पण त्यांनी फ्रॅक्चर टळतात असं कुठे दाखवलं गेलेलं नाही.

तुमचं रोजचं चालणं हृदयासाठी चांगलं, हाडांसाठी अपुरं. हाडाला भार हवा, धक्का हवा. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांकडून प्रशिक्षकाच्या नजरेखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगलं जड वजन उचलून घेतलं. आठ महिन्यांत मणक्याची घनता घटायच्या ऐवजी वाढली. तुम्ही आणि जाऊबाई मिळून जिममध्ये नाव घाला, पण आधी शिकवणारा कोण आहे ते बघा. श्रावणात मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळत असाल तर खेळा की, त्या उड्यांत हाडांना हवा तसाच भार मिळतो. सासूबाईंनी मात्र टाळ्या वाजवायच्या.

जाऊबाईंचं कार्ड सापडलं नाही तर ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे ऑपरेशनच्या नोंदीची प्रत मागा. दवाखाना बंद झाला असेल तर सोनोग्राफी करा आणि तपासणाऱ्याला आधीच सांगा की अंडाशय आहेत का तेवढंच बघायचंय. सोबत एफ.एस.एच. आणि डेक्सा. तुमचं जेल आठवडाभर थांबलं तरी चालेल, हे आधी करा.